पाणकोंबडीचं पदक

त्या साली नदी काठावर रुसल्यासारखी लांब गेली. आधी धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या, मग पायऱ्यांखालचे दगड, मग दगडांखालचा चिखल. चिखलालाही तडे गेले तेव्हा नावाड्याची नाव वाळूवर कलंडली ती कलंडलीच. उन्हात कुशीवर निजलेल्या म्हशीसारखी दिसायची. पलीकडे जाणारी माणसं चपला हातात घेऊन पायीच नदी ओलांडायला लागली. जाता जाता एखादा हटकायचा, "काय नावाडी, वाळूत वल्हवताय का आता?"

नावाडी हसून म्हणायचा, "बसा की, वाळूतून सोडतो. भाडं तेवढं पाण्याचंच लागेल."

चेष्टा हसण्यावारी न्यायला त्याला जमायचं. त्याच्या बायकोला जमायचं नाही. ती मान खाली घालून वाळू उपसत राहायची.

तिला सगळा गाव पाणकोंबडी म्हणायचा. ऐन तारुण्यात ती बेटापासून बंदरापर्यंत समुद्र पोहून गेली होती, देशोदेशींच्या पोहणाऱ्या बायकांना मागे टाकून, आणि गळ्यात सोन्याचं पदक घालून परत आली होती. आता तिचे केस निम्मे पांढरे होते, मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती, आणि उजवा खांदा असा धरलेला असायचा की डोक्यावरून सदरा काढताना नवऱ्याला हाक मारावी लागायची. पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरात ती, नावाडी आणि नावाड्याची म्हातारी आई. म्हातारीला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, कानांनी मात्र भिंतीपलीकडचं ऐकू यायचं.

नाव पडली म्हणून हातावर हात ठेवून बसणारी ही माणसं नव्हती. नदी मागे सरते तेव्हा मऊ वाळू मागे ठेवते, आणि त्या वाळूत कलिंगडं येतात. नवरा-बायकोनं वाळूत खड्डे घेतले, कुजलेलं शेणखत भरलं, बी टोचलं. वेल आले, पानं रांगत रांगत पसरली, आणि पिवळी फुलं उमलली तसं पाणी अजूनच लांब गेलं.

मग सुरू झाली पाणी वाहायची कामगिरी. खांद्यावर आडवी काठी, काठीच्या दोन टोकांना बादल्या. पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतायचे. पहाटे वाळू गार असायची, बरी वाटायची. ऊन चढलं की ती तव्यासारखी तापायची आणि नदीच्या पात्रावर हवा थरथरायला लागायची. पाणकोंबडी डाव्या खांद्यावर काठी घेऊन चालायची. उजव्याला भार सोसायचा नाही. चालता चालता तिला समोर पाणी दिसायचं, लख्ख, निळं, लाटांसकट. तिला माहीत होतं की ते नाही. तरी ती त्याच्याकडे बघत चालायची. नसलेल्या पाण्याकडे बघत चाललं की असलेल्या पाण्याचा भार कमी वाटतो, असं तिनं एकदा नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुझं डोकं तापलंय. सावलीत बस."

दुपारी ती नावेच्या सावलीत आडवी व्हायची. डोळा लागला की हटकून एकच स्वप्न. ती पोहतेय, बंदराचा धक्का दिसतोय, धक्क्यावरची माणसं हात हलवताहेत, आणि हातामागून हात मारूनही धक्का जवळ येत नाही. जाग आली की तोंडात वाळू असायची.

एके दिवशी नावाडी बादल्या घेऊन येताना गुडघ्यावर बसला आणि उठेचना. दोन्ही बादल्या लवंडल्या. वाळूनं पाणी असं प्यायलं की ओलसुद्धा दिसेना. तो तसाच बसून राहिला, बायकोकडे न बघता.

"लागलं का हो?"

"नाही गं. गुडघा म्हणतोय, पुरे."

"मग ऐका की त्याचं."

"त्याचं ऐकलं तर वेलींचं कोण ऐकेल?"

ते काही चुकीचं नव्हतं. फळं आता मुठीएवढी झाली होती. याच वेळी पाणी तुटलं तर सगळी पिवळी पडून गळणार होती. पंप पाहिजे होता, आणि लांबच लांब पाइप. दोघांनाही ते कळत होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

संध्याकाळी भात उकळत होता तेव्हा नावाडी चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "सुताराशी बोललोय मी. नावेचं लाकूड चांगलं आहे म्हणतो. घ्यायला तयार आहे."

पाणकोंबडीनं पळी भांड्यातच राहू दिली. "नाव विकणार?"

"लाकूड आहे गं. लाकूड पुन्हा मिळतं."

"आणि पाणी आलं की?"

"पाणी येईल तेव्हा बघू."

आतल्या खोलीतून म्हातारी ओरडली, "माझ्या सासऱ्यानं त्या नावेवर संसार केला रे! तुला लाकूड दिसतंय?"

"आई, तू झोप."

"झोपते. पण ऐकू येतंय."

पाणकोंबडीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्यापेक्षा पदक देऊ."

नावाड्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं लेकीला विकायचं म्हटलं होतं. पदक कोनाड्यात काचेच्या पेटीत असायचं आणि ते पुसायचा तो. नाव चालायची तेव्हा मध्य प्रवाहात आलं की तो वल्हं थांबवायचा आणि नव्या उतारूंना सांगायचा, माझी बायको या नदीत तयार झाली. उतारूंनी विश्वास ठेवला नाही तर त्यांना घरी आणायचा. मग पेटी उघडायची, पदक हातोहात फिरायचं, आणि पाहुणा एकदा पदकाकडे, एकदा हात पुसत दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघायचा. काही तोंडावरच म्हणायचे, "खरंच? ह्याच त्या?"

"पदकाचं नाव काढू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? तुझ्या आयुष्याची कमाई आहे ती."

"कमाई आहे ना? मग वेळेला खर्च नको करायला?"

"लोक काय म्हणतील? नावाड्यानं बायकोचं सोनं फुंकलं."

"सोनं कुठलं? वरून मुलामा आहे." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही नाव विकलीत तर नावाडी उरत नाही. मी पदक विकलं तरी मला पोहता येतंच ना?"

वादात हरला की तो उठून बाहेर जायचा. तसाच गेला.

तीन-चार वर्षांपूर्वी शहरातून एक गृहस्थ आले होते. खेळाडूंच्या जुन्या वस्तू विकत घेऊन ते पुढे शौकिनांना विकायचे. तेव्हा नावाड्यानं त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं. पण जाता जाता त्यांनी म्हातारीच्या हातात नंबर दिला होता, आणि म्हातारीनं तो पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला होता. "माणूस बरा वाटला म्हणून," असं तिनं सुनेला नंतर सांगितलं. "आवाजावरून."

पाणकोंबडीनं फोन केला. गृहस्थ आठवड्याच्या आतच आले. चेहरा सौम्य, बोटं लांब, बुटांत वाळू गेली म्हणून उंबऱ्यावर बसून त्यांनी आधी बूट झाडले. नावाडी त्यांना पाहून मागच्या दारानं वेलींकडे निघून गेला.

गृहस्थांनी टेबलावर काळं मऊ फडकं अंथरलं आणि त्यावर पदक ठेवलं. खिशातून छोटं लोहचुंबक काढून जवळ नेलं. पाणकोंबडीला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. वैद्यानं जीभ दाखवा म्हटल्यावर होतं तसं.

"माफ करा हं," गृहस्थ म्हणाले. "खोटी फार येतात."

"बघा की. मीच खोटी निघायची एखादवेळी."

ते हसले. पदकाबरोबर तिनं आणखी दोन वस्तू काढून ठेवल्या होत्या. चांदीचा करंडक त्यांनी बाजूला सारला. असले करंडक ढिगानं पडलेत म्हणाले. पण पोहताना लावायचा जुना चष्मा, रबर चिकट झालेलं, काच पिवळी पडलेली, तो बघून त्यांचे डोळे चमकले. "हा लावूनच पोहलात?"

"हो. खारं पाणी जायचं आत. बंदर अर्धं दिसत होतं."

"आणि संघाचा निळा कोट?"

पाणकोंबडीनं सासूकडे बघितलं. कोट म्हातारीच्या अंगात होता. कैक वर्षं थंडी असो नसो, सकाळी तो तिच्या अंगात असायचाच. कोपरांना ठिगळं होती, एका खिशात सुपारीचे तुकडे.

"आजी," गृहस्थ अदबीनं म्हणाले, "चांगली किंमत देईन."

"पदक न्या," म्हातारी म्हणाली. "त्याची मला कधी ऊब लागली नाही. कोटाला हात लावाल तर बोटं मोजून घ्या."

गृहस्थांनी हात जोडले. मग चहा झाला. चहा पिता पिता ते म्हणाले, "एक विचारू का, ताई? मी सगळ्यांनाच विचारतो. का विकताय?"

"पंप घ्यायचाय."

"ते झालंच. बहुतेकांना काहीतरी घ्यायचंच असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "एका मुष्टियोद्ध्याला दोन मुलगे आणि विजेतेपदाचा पट्टा एकच. माझ्यामागे दोघं त्याचे तुकडे करतील, म्हणाला, त्यापेक्षा तुम्ही न्या. एका धावपटूच्या घरी चोर शिरले होते. चोरी काही झाली नाही, पण तेव्हापासून तो पेटीला पाय लावून झोपायचा. विकल्यावर म्हणाला, आज मी पाय पसरीन. एका बाईंनी तर मी न विचारताच सांगितलं, मुलं त्या ढालीवर पापड वाळवतात. आणि काही नुसतेच रडतात. मला वाटतं, खरं कारण त्यांनाही विकल्यावर कळतं."

पाणकोंबडी पदकाकडे बघत होती. काळ्या फडक्यावर ते अगदी नवं दिसत होतं. तिच्यापेक्षा कितीतरी तरुण.

"साहेब," ती म्हणाली, "या घरात एक पोरगी राहते. सडपातळ, खांदे रुंद, केस आखूड. येणारा प्रत्येक माणूस तिला भेटायला येतो. मी चहा करते. ती कधी म्हातारी होत नाही, तिला कधी खांदा दुखत नाही. मी नदीत उतरले तर लोक काठावर जमतात आणि तिच्याशी माझी तुलना करतात. म्हणून मी उतरायचंच सोडलं. मुलगी झाल्यापासून पाण्यात नाही मी, बादली बुडवण्यापुरते हात सोडले तर." ती जराशी हसली. "वाईट नाही हो पोरगी. पण माझ्याच घरात मी पाहुणी आणि ती मालकीण, असं किती दिवस चालवायचं?"

गृहस्थांनी पदक फडक्यात अलगद गुंडाळलं, हे तिनं बघितलं आणि तिला बरं वाटलं. निघताना त्यांनी तिचा पदकासकट फोटो काढू का, असं विचारलं. ती दारात उभी राहिली. हसा म्हटल्यावर हसली. पदक, पेटी आणि चष्मा घेऊन गाडी गेली, धूळ बसली. ती आत आली तेव्हा कोनाड्यात पेटीच्या जागी स्वच्छ चौकोन उरला होता, आणि म्हातारी म्हणत होती, "गेली का गं ती?"

"कोण?"

"तूच म्हणालीस ना, कोणी पोरगी होती म्हणून."

पंप आला, पाइप आला. पहिल्यांदा पंप धडधडला तेव्हा शेजारची कुंभारीण मडकं हातात घेऊन बघायला आली. "पदकाचं पाणी का हे?" तिनं विचारलं. टोमणा होता की साधं बोलणं, कळायला मार्ग नव्हता. पाणकोंबडी म्हणाली, "हो. पिऊन बघ, गोड आहे."

नावाडी मात्र गप्प झाला. काम करायचा, पंपाला तेल घालायचा, फळांखाली वाळकं गवत सारायचा, रात्री जेवून कूस बदलायचा. एकदा ती म्हणाली, "किती दिवस धरणार?" तो म्हणाला, "मी काही धरलेलं नाही." मग अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "तू मला विचारून दिलं नाहीस."

"विचारलं होतं."

"सांगितलं होतंस. विचारलं नव्हतंस."

ते खरं होतं. ती उठून बसली. "चुकलंच," ती म्हणाली. "पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मला तुमचं ‘नाही’ मोडायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला पाइप त्यानं आपणहून घेतला.

कलिंगडं भरली. मोठी झाली. वाळूत ती अशी पडून असायची की लांबून वाटावं, कोणी हिरव्या चादरी पांघरून निजलंय. पाणकोंबडी त्यांच्यातून फिरायची, एखाद्यावर बोटं वाजवून कान लावायची. आतून मऊ, खोल आवाज यायचा. आता तिला दुपारी स्वप्न पडेनासं झालं होतं. नुसती झोप लागायची, खोल आणि रिकामी.

तोडणीला दोन दिवस होते. पहाटे ती जागी झाली ती वासानं. ओल्या मातीचा नाही, पालापाचोळ्याचा, दूरच्या रानाचा वास. ती बाहेर आली. आभाळ धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. ढगाचा तुकडा नव्हता. पण नदीचा आवाज बदलला होता.

"अहो, उठा! पाणी येतंय!"

"कुठलं पाणी? आभाळ बघ की."

"वर डोंगरात पडला असणार. उठा आधी!"

दोघं वाळूत पोहोचली तेव्हा पाणी मांजरासारखं, पाय न वाजवता आलं होतं. पातळ तपकिरी जिभा वेलींमधून पुढे सरकत होत्या, प्रत्येक जिभेच्या टोकाला फेस आणि काड्या. नावाड्यानं पंप उचलला, पाठीवर घेतला आणि लंगडत धक्क्याकडे पळाला. पाणकोंबडी देठ तोडत होती, फळं टोपलीत भरत होती, टोपली काठावर रिकामी करून पुन्हा पळत होती. कुंभारीण आली, न विचारता तिनंही हात लावला. दोन-चार खेपा झाल्या तोच पाणी गुडघ्याला लागलं. मागे काहीतरी करकरलं. नाव वाळूवरून उठली होती आणि झोपेतून जाग्या झालेल्या माणसासारखी डुलत होती.

मग कलिंगडं सुटली. पाण्यानं त्यांना वाळूवरून उचललं, वेली ताणल्या, तुटल्या, आणि एकामागून एक ती तरंगत निघाली. सूर्य नुकताच वर आला होता. सगळी नदी सोनेरी तपकिरी झाली होती आणि तिच्यावर हिरव्या गोल पाठी हलकेच गिरक्या घेत, एकमेकींना धक्के देत चालल्या होत्या, कुठे घाईच नसल्यासारख्या.

कुंभारीण म्हणाली, "गेलं गं सगळं."

पाणकोंबडीनं अंगावरचा जाड सदरा काढला. कसा काढला ते तिलाही कळलं नाही. खांदा दुखल्याचं तिला नंतर आठवलं. आतल्या झग्याची गाठ मारली आणि ती पाण्यात आडवी झाली.

पहिला हात पडला तेव्हा खांदा किंचाळला. दुसरा हात त्यानं मुकाट्यानं टाकला. जुना हात नव्हताच तो. आखूड होता, जड होता, कोपर नीट वर येत नव्हतं. पण पाणी तसंच होतं. पाण्यानं तिचं वय विचारलं नाही. कानात गार गुंजन भरलं, काठ, घर, लोक सगळं पुसून गेलं, आणि ती फळांच्या पुढे निघून वळली, मेंढ्यांना वळवतात तशी. एकाला छातीनं ढकललं, एकाला हातानं, तिसरं आपोआप मागे आलं. डावीकडे वाळूचा उंचवटा पाण्याबाहेर उरला होता. त्याच्या मागे पाणी संथ होतं. ती एकेक कळप तिकडे वळवायला लागली.

नावाडी नाव घेऊन आला. "इकडे! इकडे लोट!" तो ओरडत होता, आणि वाकून फळं आत ओढत होता. एकदा दोघांची नजर भिडली. तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. त्यानं तिला असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"बस झालं! ये वर!"

"अजून आहेत!"

"जाऊ देत गं!"

"ती दोनच!"

ती दोनची चार झाली, चारची किती झाली, देव जाणे. काठावर लोक जमले होते. कोणी ओरडत होतं, कोणी मोजत होतं. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी जी फळं वळणापलीकडे गेली त्यांच्याकडे ती पाठीवर तरंगत थोडा वेळ बघत राहिली, आणि मग तीच म्हणाली, "जा. खा कोणीतरी."

साधारण निम्मी वाचली. पंप वाचला. उंचवट्यावर नाव लावून दोघांनी फळं उतरवली, कारण नाव भरून तिची कड पाण्याला टेकली होती. नावाड्यानं एक कलिंगड वल्ह्याच्या दांड्यानं फोडलं. आतून लालभडक निघालं. पाणकोंबडीनं हातानंच गर काढून खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला.

"गोड आहे?" त्यानं विचारलं.

"जरासं कच्चं आहे."

"थापा मारू नकोस."

"गोड आहे."

तो तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "खांदा?"

"गेला कामातून. उद्या सदरा तुम्हीच घालायचा मला."

"घालीन."

बोलता बोलताच ती वाळूवर कलली आणि झोपली. गालाखाली हात, केसांत पाचोळा, पायांवर चिखलाचे वाळते ठसे. ऊन आता चांगलंच चढलं होतं आणि ते थेट तिच्या तोंडावर येत होतं. नावाड्यानं इकडेतिकडे बघितलं. उंचवट्यावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. तो उठला आणि तिच्या आणि सूर्याच्या मध्ये उभा राहिला. त्याची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. ती झोपेतच सुखावली.

पैलतीरावरून हाक आली. "ओ नावाडी! नाव सोडा! आम्हाला पलीकडे यायचंय!" नदी भरली होती, पायवाट बुडाली होती. गाठोडी घेऊन बरीच माणसं उभी होती, नाव कलंडल्यापासूनचे पहिले उतारू.

"ओ नावाडी! ऐकू येत नाही का?"

नावाड्यानं ओठांवर बोट ठेवलं, पण एवढ्या लांबून ते कोणाला दिसणार? मग त्यानं हात वर केला, पंजा उघडा, थांबा म्हणून. गुडघा ठणकत होता. ऊन सरकलं तसा तोही अर्धं पाऊल सरकला, आणि हात तसाच वर धरून उभा राहिला.